शाळा दिसता कामा नये

भिंतीवरचा कोळसा पुसायचं काम माझ्याकडं आलं होतं. मानवतला अप्पांच्या आडत दुकानामागं पत्र्याची एक शेड होती. तिथं माझी अक्का कामाला जाणाऱ्या बायांची लेकरं सांभाळायची, आणि त्या लेकरांनी हात पोचेल तिथपर्यंत भिंत काळी करून ठेवली होती. उद्या परभणीहून तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब येणार होते. त्यांना अक्षर, आकडा, पाटी असं काही दिसता कामा नये, एवढंच मला सांगितलं होतं. ओलं फडकं घेऊन मी एका चित्रापुढं अडलो. एक गोल आणि वर आडवी रेघ. भाकर असेल, शून्य असेल, कुणी थोराड पोरानं काढलेला 'ठ' असेल. मला ठरवता येईना. शेवटी पुसून टाकलं.

निजाम सरकारच्या मुलखात इजाजतीशिवाय खासगी शाळा काढता येत नाही. इजाजत मागायची तर जागा दाखवा, शिकवणारा दाखवा, काय शिकवणार ते सांगा. आणि एवढं करून ती मिळेलच असं नाही. अक्का स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. तिच्याकडं दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पण आडतीमागं बिनइजाजतीची शाळा भरते अशी अर्जी कुणीतरी दिली होती. चावडीवरचा शिपाई तसं सांगून गेला. अर्जी कुणाची ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून मीही इथं कुणाचं नाव घेत नाही.

बाबा त्याच आडतीवर मापारी. आलेली ज्वारी, तूर, गहू मापून देणं हे त्यांचं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्या वर्षी हिवतापानं धरलं म्हणून मी दसऱ्याला हैदराबादहून घरी आलो आणि तब्येत सुधारेपर्यंत राहिलो. अक्काचा नवरा वारून वर्ष झालं होतं. ती माहेरी आली होती, आणि चुडाव्याहून तिच्या दिराचे निरोप येत होते की तिला पाठवून द्या, घरात करणारं माणूस नाही. ती तिथून आली तेव्हा तिच्या अंगावर कसले वण उरले होते ते आईनं पाहिलं होतं. आई त्याबद्दल बोलत नसे. बाबाही मनानं कठोर नव्हते, पण ते म्हणायचे, "तिच्या हाताला हितं काम हाय तवर ठिवतो. रिकामी बसली तर लोकं मलाच इचारतील, दिराचं घर असताना लेक माहेरी कामून?"

म्हणजे शेड होती तोवर अक्का होती.

सुरुवात खुरपणीला जाणाऱ्या शेजारच्या दोन बायांच्या लेकरांपासून झाली. मग आणखी आली. अंगण पुरेना, तेव्हा कापूस येईपर्यंत मोकळी असलेली शेड अप्पांनी वापरायला दिली. अक्कानं काही ठरवून केलं असं मला वाटत नाही. लेकरं विचारायची आणि तिला उत्तर यायचं नाही, एवढंच. दुसरं कुणी असतं तर 'गप बस' म्हणालं असतं. अक्का म्हणायची, "मला तरी कुठं ठावं हाय? चल, बघू." मुंगी झोपते का हे बघायला सगळी लेकरं पालथी पडायची. सरकी पाण्यात बुडते का, असं एकानं विचारलं तेव्हा अक्कानं घमेलं भरून मध्ये ठेवलं. ज्वारी बुडाली, तूर बुडाली, सरकी मात्र आपल्या लवेसकट तरंगत राहिली. दुपारनंतर तीही एकेक करून खाली जायला लागली. "सरकी पाणी प्याली! सरकी पाणी प्याली!" म्हणून सदा मुंग्यांमागं असणारा एका खुरपणीवालीचा पोरगा ओरडला, आणि मग ज्याला जे सापडेल ते घमेल्यात पडलं. एक वहाण, गुळाचा खडा, अक्काची फणी. गूळ कुठं गेला म्हणून दोघं भांडली.

बाबांनी झिजलेली, सरकारी शिक्का पुसट झालेली मापं आणून दिली होती. चिपटं, मापटं, शेर आणि एक चेपलेली पायली. लेकरं त्यांनी वाळू मापायची. आडतीत बाबा दिवसभर मापत असत, ते भिंतीपलीकडून ऐकू येई, आणि लेकरं तसंच म्हणत. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. 'एक' म्हटलं तर रास तिथंच आटते अशी समजूत आहे. बाबांच्या तोंडून आडतीत 'एक' हा शब्द मी कधी ऐकला नाही.

मी हे सगळं आडतीच्या मागच्या पडवीत घोंगडी घेऊन बघायचो. मला थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. मी ज्या शाळेत शिकलो तिथं उर्दूतून धडा पाठ म्हणायचा आणि चुकला की छडी खायची. मी पाठांतरात पक्का होतो, म्हणून पुढं गेलो. पण कॉलेजात प्राध्यापक 'काही विचारायचंय का' म्हणाले की माझी मान खाली जाते. काय विचारायचं ते सुचत नाही असं नाही; विचारलं तर काहीतरी होईल अशी भीती अजून अंगात आहे. अक्काच्या शेडीतली चार वर्षांची पोरं मोठ्या माणसाला तोंडावर विचारायची. ते बघून मला आनंद व्हायचा की हेवा वाटायचा, खरंच सांगता येत नाही.

अप्पांची नातही तिथं यायची. आईच्या मांडीवर नवं बाळ आलं तशी ही मागच्या दारानं सटकून शेडीत येऊ लागली. तिचं पाणी वेगळं ठेवायचं एवढं सांगून अप्पांनी चालू दिलं. मग एके दिवशी ते स्वतः आले. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्यावर पंचा.

"शरणार्थ अप्पा," अक्का उठून म्हणाली. आम्हा लिंगायतांचा तो नमस्कार.

"शरणार्थ. काय गं पोरी, काल माझी नात मला इचारायलीय, आजोबा, तुमचे केस आधी गेले का मिशा आधी पिकल्या? हे शिकवायलीस का तू?"

अक्काला हसू आलं. अप्पांना आलं नाही.

"दिवाळी झाली की कापूस येतोय. शेड मला लागंल. नातीनं शंभरापतुर आकडे आन् पावकी-निमकीचे पाढे म्हणून दाखवले, तर कापूस दुसरीकडं टाकीन. तुझ्या बापाकडं बघून बोलायलोय. नुसतं खेळायला एवढी जागा कोण देतं गं?"

संध्याकाळी त्यांनी माणसाकडून नव्या पाट्या पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी अक्कानं लेकरांना ओळीत बसवलं. घमेलं उपडं घातलं, मापं गोणीत टाकली. "म्हणा, एक."

लेकरं म्हणाली, "लाभ."

"लाभ न्हाई. एक."

काहीजण 'एक' म्हणाली, काही 'लाभ', आणि अप्पांची नात म्हणाली, "अक्का, काय मापायलोत आपण?" अक्कानं उत्तर दिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. मुंग्यांमागचा तो पोरगा तिसऱ्यांदाही 'लाभ' म्हणाला, आणि अक्काचा हात उठला. शेडीत तेवढाच आवाज झाला. तो रडला नाही. सगळी लेकरं एकदम नीट बसली, आणि पुढच्या खेपेला झाडून सगळ्यांनी 'एक' म्हटलं.

अप्पांच्या नातीवर तो हात उठला नसता. हे माझ्या लक्षात आलं, आणि मला वाटतं अक्काच्याही आलं.

दुसऱ्या दिवशी तो पोरगा आला नाही. त्याच्या आईनं त्याला शेतात नेलं होतं. अक्का दुपारच्या उन्हात बांधापर्यंत जाऊन आली. "माझ्याकडं बघंना," एवढंच म्हणाली. शेडीत उरलेली लेकरं आकडे म्हणत होती. बरोबर म्हणत होती. पण दिवसभर एकानंही काही विचारलं नाही. दिवस मावळता अक्कानं पाट्या गोळा करून कोपऱ्यात रचल्या आणि घमेलं सुलटं केलं.

"मग शेडीचं काय?" मी विचारलं.

"जाईल."

"आन् तुझं?"

ती घमेलं घासत राहिली. दोन दिवसांनी पोरगा परत आला. दारातच उभा राहिला, आणि अक्का त्याच्यापुढं पालथी पडून मुंग्या बघायला लागली तेव्हा कुठं आत आला.

आणि त्याच आठवड्यात शिपाई साहेबांची खबर घेऊन आला. अप्पा तावातावानं आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगा कॉलेजवाले! शाळा हाय म्हणावं तर इजाजत न्हाई, जागा माझी, मी अडकंन. शाळा न्हाई म्हणावं तर माझी शेड फुकटात कशापायी गुतवून ठिवली?" ते म्हणत होते ते खरं होतं. साहेबांसमोर अक्कानं एक दाखवायला हवं होतं आणि अप्पांसमोर दुसरं. आणि अप्पा साहेबांबरोबर तिथंच बसणार होते.

मी अक्काला सुचवलं, "लेकरांना सांगून ठेवू. साहेब आले की कुणी काही बोलायचं न्हाई."

"गप बसायला मी शिकवू त्यांना?" ती म्हणाली. "आत्ता कुठं पुन्यांदा बोलायला लागल्यात."

म्हणून मग भिंत पुसणं आलं. पाट्या मी दोन रिकाम्या गोण्यांखाली घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या गोण्यांवरच बसून राहिलो.

साहेब टांग्यातून उतरले तेव्हा शेरवानीवर मानवत रोड स्टेशनापासूनची धूळ होती. वयस्क, थकलेला माणूस. त्यांना बघून मी रिवाजाप्रमाणं ताडकन उभा राहिलो आणि गोण्या घसरल्या. खाली पाट्यांचा खळकन आवाज झाला. साहेबांनी गोण्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. आणि ते आत वळले.

"यहाँ क्या चलता है?" त्यांनी अक्काला विचारलं.

"लेकरं खेळत्यात, साहेब."

अप्पा खुर्चीवर ताठ बसले होते. साहेबांनी दुसरी खुर्ची घेतली नाही. ते लेकरांमधून फिरले. लेकरं जरा बिचकली, मग आपापल्या उद्योगाला लागली. मुंग्यांमागचा पोरगा त्यांच्या बुटाला हात लावून म्हणाला, "पाय उचल, मुंगी मरंल." शिपाई पुढं धावला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि पाय उचलला.

अप्पांची नात वाळूच्या ढिगाशी बसून मापट्यानं पायली भरत होती. "लाभ, दोन, तीन, चार..."

"एक कहाँ गया?" साहेबांनी विचारलं. त्यांची भाषा निम्मी उर्दू, निम्मी मराठी होती.

तिनं मान वर करून पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही माहीत नाही म्हणून तिला नवल वाटलं असावं. "एक म्हन्त न्हाईत. बरं नसतं ते."

"आमच्याकडं 'बरकत' म्हणतात," साहेब म्हणाले. "खळ्यावर. बरकत, दो, तीन." मग ते गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले. "या पायलीत असली किती मापटी बसतील?"

"आठ."

"आणि त्या घमेल्यात?"

पोरगी म्हणाली, "मला तरी कुठं ठावं हाय? चल, बघू."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "अगं साहेब हायेत ते! चल काय म्हणायलीस?" पण तिनं मापटं साहेबांच्या हातात दिलं होतं. साहेबांनी एक मापटं वाळू भरून घमेल्यात ओतली. "काठोकाठ भर की," ती म्हणाली, आणि तळव्यानं वरची वाळू सपाट करून दाखवली, थेट बाबा करतात तशी. त्यांनी परत भरलं. दोघं मिळून मोजत राहिली. घमेलं भरायच्या आतच साहेब कण्हत उभे राहिले आणि त्यांनी हात झटकले. चेहरा पुन्हा सरकारी झाला.

"हे हिला कुणी शिकवलं?"

तो साधा प्रश्न नव्हता. 'मी शिकवलं' म्हटलं की शाळा ठरली, आणि शाळा ठरली की बंद. 'कुणीच नाही' म्हटलं की अप्पा ऐकत होते. भिंतीपलीकडं बाबांचं मापणंही थांबलं होतं. मी अक्काकडं पाहिलं. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं.

"तिनं बघितलं, साहेब," अक्का म्हणाली. "मी तिला बघू दिलं."

साहेबांनी अर्ध्या भरलेल्या घमेल्यावर नजर टाकली. मग अप्पांकडं वळून म्हणाले, "ये मदरसा नहीं है, शाळा नाही. बच्चे खेलते हैं. खेळायला इजाजत लागत नाही." निघताना गोण्यांपाशी क्षणभर थांबले, आणि अक्काला मराठीत म्हणाले, "पाटी दिसली, की मग शाळा होते. लक्षात ठेव बेटी."

टांगा वळला तसा मी घसरलेल्या गोण्या सारख्या करायला लागलो. मला वाटलं, आपण सुटलो. पण अप्पा खुर्चीतून उठले नव्हते.

"ऐकलंस?" ते अक्काला म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट काहीतरी लागल्यासारखा आवाज होता. "सरकारनंच सांगितलं, हितं शिक्षण होत न्हाई म्हणून. आता मी कापूस उघड्यावर कशासाठी टाकू?"

"अप्पा, तिनं आठ सांगितलं ते तुमी ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. आठ मापट्याची पायली माझ्या हमालालाबी ठावं हाय. माझ्या नातीला हमाल व्हायचं न्हाई." त्यांनी नातीला काखेत उचललं. घमेलं अजून भरलं नाही म्हणून ती पाय झाडत ओरडत होती. दारापर्यंत, रस्त्यापर्यंत तिचं ओरडणं ऐकू आलं.

अप्पांना मी वाईट म्हणू शकत नाही. शिक्षण म्हणजे म्हणून दाखवता येईल ते, असं मलाही परवापर्यंत वाटत होतं. त्याच्यावरच तर मी कॉलेजात पोचलोय.

दिवाळी झाली. शेडीत कापसाचे बोंद्रे, मोठाली भरलेली पोती, येऊन पडले. बाबांनी काही म्हणायच्या आतच चुडाव्याला बातमी पोचली असावी, कारण चौथ्या दिवशी दीर दारात. त्यानं रात्रीचा मुक्काम केला आणि सकाळी स्टेशनापर्यंत भाड्याची बैलगाडी ठरवली. अक्कानं पत्र्याची पेटी भरली. आईनं तिच्या पदरात भाकरी बांधल्या. मी पेटी गाडीत ठेवली. माझ्या हातून तेवढंच झालं.

बैल जुंपायच्या वेळेला बाया आल्या. खुरपणी संपून आता त्या कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगला जात होत्या. शेड गेली तेव्हापासून लेकरं आमच्या अंगणात सोडायच्या. आजही त्यांनी नेहमीसारखीच सोडली. गाडी, पेटी, दारात उभा पाव्हणा, सगळं त्यांना दिसत होतं. "अक्का, ह्याला रातीपासून खोकला हाय, पाण्यात खेळू देऊ नको," असं एक म्हणाली. दुसरीनं भाकरीचं फडकं आईच्या हातात दिलं. तेवढ्यात जिनिंगचा भोंगा झाला आणि त्या झपाझप निघून गेल्या. कुणी मागं वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर विचारावं लागलं असतं.

लेकरं तर गाडी बघून हरखलीच. दोघं चाकाच्या आऱ्यांत शिरली, एक जुवावर चढलं, मुंग्यांमागचा पोरगा गाडीखाली पालथा पडून आसाचं काळं वंगण बोटानं काढायला लागला. "हे कामून लावत्यात?" तो खालून ओरडला.

"कुणाची ही लेकरं?" दीर बाबांना म्हणाला. "हटवा की मामा. आगगाडी चुकंल."

अक्का पायरीवर उभी होती. तिनं कुणालाच हाक मारली नाही. मी एकाला चाकातून ओढून काढलं, तोवर दुसरं घुसलं. गाडीवान हसायला लागला. दिरानं गाडीखाली हात घातला आणि पोरगा दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून पुन्हा आत गेला. आई म्हणाली, "आहो, काहीतरी बोला की." कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

बाबा माल बघावा तसे लेकरांकडं बघत उभे होते. मग पाव्हण्याला म्हणाले, "भोंगा झालाय. आता ह्यांच्या आया दिवस मावळल्याबिगर यायच्या न्हाईत. रस्त्यावर टाकून जावं का लेकरं?"

"मामी सांभाळतील की."

"तिला न्हाई व्हायचं. लय हायेत."

"मामा, मग मी आलो कशाला?"

"सांजच्याला बघू," बाबा म्हणाले, आणि पंचा झटकून आडतीवर निघून गेले. जाताना त्यांनी अक्काकडं पाहिलंही नाही.

दीर दुपारपर्यंत ओट्यावर बसला. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू येण्याएवढं ते जवळ नाही, पण वेळ टळून गेल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. गाडीवानानं भाडं मागून घेतलं, पेटी खाली उतरवली आणि गाडी परत नेली. संध्याकाळी बाया लेकरं घेऊन गेल्यावर बाबा परत आले. पेटी अजून अंगणातच होती. जेवताना पाव्हण्याला म्हणाले, "उद्याबी जिनिंग हाय." पाव्हणा हात धुऊन उठला. सकाळी एकटाच गेला. दारातून म्हणाला, "संक्रांत झाल्यावर येतो. तवर ह्या बायांस्नी दुसरं कुणी बघायला सांगा."

माझी तब्येत सुधारली होती, हजेरी बुडत होती. मी हैदराबादला परतलो. संक्रांत होऊन गेली. दीर आला नाही, असं गावाकडून आलेल्या माणसानं सांगितलं. आता तो येणारच नाही का, असं मी त्याला विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. अंगणात लेकरं वाढलीत आणि बाबा सकाळी आडतीवर जाताना रोज तिला म्हणतात, "आजचा दिस हितंच हाय तू," एवढंच तो सांगू शकला.